मी त्याला हाड म्हणाले

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे, आणि गोष्ट म्हणावी असं खरं तर काही घडलंच नाही, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून एकदाचं लिहून काढतेय. संध्याकाळची शिफ्ट संपवून निघाले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. सोबत काम करणारी एक जण मला गाडीने मेन रोडवरच्या फाट्यापर्यंत सोडते, तिथून आमचं गाव आत सव्वा मैल. एकच गाडी जाईल एवढा रस्ता आणि दोन्हीकडे डोक्यावर गेलेली काटेरी झुडपांची कुंपणं. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमधल्या असल्या रस्त्यांना दिवे नसतात. दिवस बीटाच्या काढणीचे, शेतांच्या कडेला शुगर बीटचे ढीग लागलेले, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल पायाखाली चपक चपक वाजत होता आणि सगळीकडे तो ओल्या मातीचा, किंचित गोडसर कुजका वास. मोबाईलचा टॉर्च लावायला गेले तर बॅटरी 6 टक्के, म्हटलं घराचं कुलूप उघडेपर्यंत राहू दे, आणि तशीच चालायला लागले. साधारण अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की आपण एकट्या चालत नाहीयोत. आधी नखांचा आवाज आला, डांबरावर बारीक टकटक, मग भिजलेल्या केसांचा वास. मी थांबले की आवाज थांबायचा, चालले की पुन्हा सुरू. डावीकडे, माझ्यापासून दोन हातांवर, अंधारापेक्षा जरासा जास्त काळा असा एक मोठा कुत्रा माझ्याच चालीने चालत होता. पट्टा दिसला नाही, मागे कोणी मालक नाही, शीळ नाही, हाक नाही. किती वेळ आम्ही असे चाललो सांगता येणार नाही, पाच मिनिटं असतील. आणि मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघितलं असावं, डोळे काही दिसले नाहीत, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं.

हाड!

तो थांबला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. कुंपणात एक खिंड आहे, शेतात जायची, तिथून आत गेला आणि संपलं. उरलेला अर्धा मैल मी एकटी चालले आणि तो अर्धा मैल मला भीती वाटली. हेच टोचतंय. तो होता तेव्हा भीती नव्हती. तो गेल्यावर प्रत्येक झाड अंगावर यायला लागलं, कुठेतरी फेझंट पक्षी फडफडला तर काळजात धस्स झालं, आणि त्यात लांब शेतातून ते भुंकणं सुरू झालं, एक-एक, तुटक, थांबून थांबून. ते मात्र कुत्र्याचं नव्हतं हे मला लगेच कळलं, कारण ते भेकर होतं. इथे मुंटजॅक म्हणतात त्याला, आपल्या भेकराचा चीनमधला चुलतभाऊ, शंभरेक वर्षांपूर्वी श्रीमंतांच्या बागांमध्ये हौसेने आणून ठेवलेला आणि तिथून सुटून अर्ध्या इंग्लंडभर पसरलेला. बाबांनी लहानपणी कुडाळजवळच्या आमच्या गावी मला अंगणात उभं करून तो आवाज ओळखायला शिकवला होता, कुत्रा सलग भुंकतो, भेकर मोजून मापून. आठ हजार किलोमीटरवर तोच आवाज ऐकत मी घाईघाईने चालत होते आणि डोक्यात एकच, की आपण त्याला हाड का म्हणालो.

इथे येऊन सहा वर्षं झाली. दिवसभर इंग्लिश बोलते, हिशोब इंग्लिशमध्ये करते, आजकाल तर ठेच लागली तरी तोंडातून इंग्लिशच निघतं. आणि अंधारात एक मुकं जनावर जवळ आलं तर बाहेर पडलेला शब्द आजीचा. आमची आजी कुत्रं रडायला लागलं की अंथरुणातून उठून माजघरातूनच ओरडायची, हाड हाड, आणि मग बराच वेळ तिला झोप लागायची नाही, कोण आजारी आहे, कुणाचं काय, असं पुटपुटत बसायची. रात्री कुत्रं रडलं म्हणजे कुणाचं तरी बोलावणं आलं. बाबा गेले त्या रात्रीही शेजारचा कुत्रा रडत होता म्हणे. मी इथे होते, मला आईने नंतर सांगितलं, आणि ती म्हणाली मी दोनदा बाहेर जाऊन त्याला हाकलून आले गं, पण तो फिरून यायचा आणि पायरीशीच बसायचा. हाकललं की मरण लांबतं असं काही नसतं हे आईला कळतं, मलाही कळतं. पण तरी माणूस उठतो आणि हाकलून येतो.

दुसऱ्या दिवशी कामावर मी सहज म्हणून विषय काढला. मी एका केअर होममध्ये काम करते, म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायचं, उठवण्यापासून झोपवण्यापर्यंत. चहाच्या वेळी म्हटलं, काल रस्त्यात एक काळा कुत्रा बरोबर चालत आला, कुणाचा असेल. माझ्यासोबत काम करणारी, इथेच जन्मलेली, चार पिढ्या याच भागातली, तिने हातातला कप खाली ठेवला. डोळे बघितलेस का, तिने विचारलं. नाही म्हटलं. मग बरं, ती म्हणाली, आणि उठून दुसऱ्या खोलीत गेली. हसली नाही. मी वाट बघत होते की आता हसेल, पण नाही. संध्याकाळी गाडीत तिने स्वतःहूनच विषय काढला, शकचा. ब्लॅक शक, इथल्या गोष्टींतला भुताचा काळा कुत्रा. त्याच्या डोळ्यात बघितलं तर वर्षाच्या आत घरातलं कोणीतरी जातं, आणि हे असं कुणाला सांगत सुटायचं नाही, त्यानेही होतं, असं तिची आजी म्हणायची. तिची आजी. मला माझ्या आजीचा माजघरातला आवाजच ऐकू आला.

नॉरफोक आणि सफोकमध्ये राहून शकचं नाव कानावरून गेलेलं नसणं शक्य नाही, मलाही माहीत होतं, पण टी-शर्टवरचं चित्र जसं माहीत असतं तसं. इथून जवळच बंगे नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या बाजारात खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारं एक पातं आहे, 1933 मध्ये बसवलेलं, त्यात वीज आणि तिच्यावर धावणारा काळा कुत्रा. गावच्या फुटबॉल क्लबचं टोपणनावसुद्धा ब्लॅक डॉग्ज. मी तिथे भाजी घ्यायला जायचे तेव्हा ते पातं बघून छान आहे म्हणायचे, बस. त्या आठवड्यात मात्र सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले आणि त्याच्यासाठी गेले.

4 ऑगस्ट 1577, रविवार. सकाळी सेंट मेरी चर्चमध्ये लोक प्रार्थनेला जमलेले आणि बाहेर असं वादळ सुटलं की दिवसाची रात्र झाली. त्यानंतर काय झालं ते लंडनमधल्या अब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने त्याच साली एक छोटी पुस्तिका छापून सांगितलं. काळा कुत्रा, किंवा कुत्र्याच्या रूपातला सैतान, विजेच्या लोळात चर्चभर धावला, गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या दोघांच्या मधून गेला आणि एका क्षणात दोघांच्या माना पिरगळल्या. तिसऱ्याच्या पाठीला त्याने असा काही हिसका दिला की तो माणूस आखडून गेला, विस्तवात भाजलेल्या चामड्यासारखा, नाहीतर नाडी ओढल्यावर बटव्याचं तोंड होतं ना, तसा. आणि जगला. ही बटव्याची उपमा फ्लेमिंगचीच आहे, आणि ती वाचल्यापासून मी तो माणूस डोळ्यासमोरून घालवू शकले नाहीये. सगळे लक्षात ठेवतात मेलेल्या दोघांना. बटव्यासारखा आखडलेला तो पुढे किती वर्षं त्या गावात चालला असेल, त्याची बायको त्याला कपडे कशी घालत असेल, मुलं त्याला बघून काय म्हणत असतील, कुणीच लिहिलेलं नाही. माझं कामच आखडलेल्या अंगांना कपडे घालण्याचं आहे म्हणून असेल, मला तोच दिसतो.

पण फ्लेमिंग तिथे नव्हता. आणि जे तिथे होते, चर्चचा जमाखर्च लिहिणारे, त्यांच्या वहीत त्या दिवशीच्या वादळाची नोंद आहे, घंटाघरात दोन माणसं मेल्याची नोंद आहे. कुत्रा नाही. चर्चवर वीज पडली होती, एवढंच. ज्यांनी ती प्रेतं उचलली त्यांना कुत्रा लिहावासा वाटला नाही आणि लंडनमध्ये बसलेल्याला वाटला, आणि साडेचारशे वर्षं टिकलं ते लंडनवाल्याचं. त्याच्या पुस्तिकेत शक हे नावसुद्धा नाहीये बरं का. ते नाव छापून आलेलं दिसतं ते थेट 1850 च्या आसपास, एका पाद्र्याने इथल्या लोकांकडून ऐकलेलं लिहून पाठवलं तेव्हा, काळा, झिपरा, अंगाराच्या डोळ्यांचा, मध्यरात्री चर्चच्या आवारात फिरणारा. जुन्या इंग्रजीत स्कुक्का म्हणजे सैतान, त्यावरून शक, असं म्हणतात, आणि काही म्हणतात इथल्या बोलीत झिपऱ्याला शकी म्हणतात त्यावरून. मला दुसरं जास्त पटतं. माणसं आपल्या गावच्या कुत्र्याला अंगावरच्या केसांवरूनच नाव ठेवतात, आमच्याकडे नव्हता का झिपऱ्या.

बंगेहून मी ब्लायबर्गला गेले. त्याच दिवशी, त्याच वादळात तो कुत्रा तिथल्या चर्चमध्येही आला असं फ्लेमिंग सांगतो, तिथे दोन पुरुष आणि एक मुलगा मेला. चर्च प्रचंड आहे, नदीच्या खाजणावर एकटंच उभं, भरतीला समोर सगळं पाणीच पाणी आणि ओहोटीला चिखल आणि बगळे. आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर जाते कारण छताला लाकडी देवदूत आहेत, पंख पसरलेले, रंग उडालेले. आतमध्ये मी एकटी. उत्तरेचं दार बंद असतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला ते डाग आहेत, जळलेले, काळे, लांबट, लोक म्हणतात शकच्या नख्यांचे. मी बोट लावून बघितलं. डाग म्हणजे नुसता रंग नाहीये, खळगा आहे, बोटाचं टोक आत बसतं, कडा गुळगुळीत झाल्यात, माझ्याआधी किती जणांनी बोट घातलं असेल. लाकूड गार होतं. खालून वर निमुळता होत गेलेला खळगा, दिव्याच्या ज्योतीसारखा. अशा ज्योतीच्या आकाराच्या खुणा इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या दारांवर, तुळयांवर खूप सापडतात, आणि त्यातल्या पुष्कळशा माणसांनी मुद्दाम, मेणवात लाकडाला टेकवून शांतपणे जाळलेल्या आहेत. घराला आग लागू नये, वीज पडू नये म्हणून. या दारावरच्या कशाने झाल्या ते असो. मला तिथे उभं असताना वाटत राहिलं की समजा हेही तसंच असेल तर, कुणीतरी बाई किंवा माणूस घाबरून, हातात मेणवात धरून, जीव मुठीत घेऊन या दाराची राखण करत उभा राहिला असेल, आणि आपण त्या राखणीच्या खुणेला सैतानाची नखं म्हणतोय.

आमच्या होममध्ये एक आजी होत्या, नव्वदी ओलांडलेल्या, मूळच्या लिंकनशायरच्या. सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण लहानपणचं शेत, विहीर, गाढवाचं नाव, सगळं लख्ख. मला त्या डक म्हणायच्या, तिकडे लाडाने तसंच म्हणतात सगळ्यांना. एकदा रात्री त्यांचे पाय चोळून देत होते, अंगठ्याजवळ त्यांना तेल लावलेलं आवडायचं, मी घरचं खोबरेल घेऊन जायचे. तेव्हा म्हटलं यांना सांगू का नको, आणि सांगितलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत. घरापर्यंत आला होता का, एवढंच विचारलं. म्हटलं नाही, मी हाकललं त्याला. आजींनी पाय मागे घेतला. अगं, तो पोचवायला येतो, त्या म्हणाल्या. बायामाणसं एकटी असली की येतो. आई बाजारातून येताना असायचा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, घर आलं की तो आपला जातो.

मी आधी समजले की हे त्यांचं वय बोलतंय. पण नंतर शोधत गेले तर तसं नव्हतं. एथेल रडकिन नावाच्या एका बाईंनी लिंकनशायरमध्ये गावोगाव फिरून काळ्या कुत्र्याच्या आठवणी गोळा केल्या आणि 1938 साली त्यावर मोठा लेख छापला. त्या म्हणतात आमच्याकडचा काळा कुत्रा गरीब असतो, त्रास देत नाही, आणि आपण स्वतः त्याला पाहिलंय असंही त्यांनी सांगून ठेवलंय. त्यांच्याकडच्या एका बाईची हकिगत अशी की बाजार करून एकटी परत येताना एक मोठा काळा कुत्रा बरोबर चालायला लागला, वाटेत काही मजूर होते, आणि ही बरोबर कुत्रा घेऊन नसती तर आपण काय केलं असतं ते त्यांचं आपसातलं बोलणं तिने जाता जाता ऐकलं. घरी पोचली, नवऱ्याला हाक मारली, ये बघ याला, तर तो नव्हताच. ही हकिगत मी रात्री बारा वाजता स्वयंपाकघरात उभ्याने वाचली आणि अंगावर काटा आला, तो भुताचा नव्हता. अंधाऱ्या रस्त्याने एकटं घरी येणं म्हणजे काय, आणि खरी भीती कशाची असते, हे ज्या बाईला माहीत आहे तिच्याच तोंडून ही गोष्ट अशी निघणार. समरसेटमध्येही असंच, तिथे त्याला गर्ट डॉग म्हणतात आणि क्वांटॉकच्या टेकड्यांवर पोरं खेळायला गेली तर आया निर्धास्त असायच्या, कुत्रा आहे ना लक्ष ठेवायला. यॉर्कशायरकडे आणखी एक आहे, चर्च ग्रिम. नव्या स्मशानात ज्याला पहिल्यांदा पुरतात त्याच्या आत्म्याला कायम तिथली राखण करावी लागते असा समज, मग माणसावर ती पाळी येऊ नये म्हणून आधी एक काळा कुत्रा पुरायचे. तेव्हापासून रात्रंदिवस तो एकटा राखतोय. त्याला विचारलं होतं का कोणी.

चर्च ग्रिमचं वाचलं आणि आईला फोन केला, कारण हे मला कुणाला तरी मालवणीत सांगायचं होतं. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडे ओरडत होते. पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती आणि मग म्हणाली, "अगो, त्येका हाड म्हनतत काय? राखणदार आसतलो तो." एवढं सहज, जसं काही पोस्टमनला हाड म्हटलं. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो, रात्री शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, काठीचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. आरवलीच्या वेतोबाला आपण चपला वाहतो त्या झिजतात, का, तर तो रात्रभर चालतो. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि तरी अंधारात कोणी सोबतीला आल्यावर माझ्या तोंडी राखणदार आला नाही, हाड आलं. बाबांच्या दहाव्याच्या दिवशी, मी मोबाईलवर बघत होते, गुरुजींनी यमाच्या दोन कुत्र्यांचं नाव घेतलं होतं, श्याम आणि शबल, नेट अडकत होतं, चित्र थांबायचं आणि आवाज पुढे जायचा. ऋग्वेदातही ते दोघे आहेत, चार डोळ्यांचे. एका ऋचेत मेलेल्याला सांगितलंय की त्या कुत्र्यांच्या बाजूने पळत पुढे निघून जा, आणि लगेच पुढच्याच ऋचेत यमाला विनवलंय की तुझे हे जे दोन राखणारे कुत्रे आहेत, वाट राखणारे, त्यांच्याच हाती याला सोपव. पथिरक्षी असा शब्द आहे तिथे. भीती आणि भरवसा, मध्ये एका ओळीचंही अंतर नाही. आई म्हणाली तो कुत्रा फिरून फिरून पायरीशी बसत होता ना, बाबा नेहमी त्याला भाकरी टाकायचे. मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही, कोंबडेच ओरडत होते.

तो कुत्रा कुणाचा तरी असणार, मला ते माहीत आहे. आसपास तीन फार्म आहेत आणि तिन्हीकडे काळे लॅब्रेडॉर. एकीकडे मी विचारूनही आले, त्यांचा रात्री आतच असतो म्हणाले. बाकी दोन ठिकाणी विचारलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाहीये. कदाचित त्यातला एक कुत्रा दाराशी येऊन शेपटी हलवेल आणि ते मला नको असेल.

लिंकनशायरच्या आजी फेब्रुवारीत गेल्या. झोपेत, पहाटेच्या आत, माझी ड्युटी नव्हती. त्यांची खोली आवरताना खोबरेलाची बाटली मिळाली, अर्धी होती, थंडीने गोठून पांढरी झालेली. ती मी घरी आणली. सोबत काम करणारी गाडीत हळूच म्हणाली, नोव्हेंबर, फेब्रुवारी, आणि पुढे बोलली नाही. मला कळलं ती काय मोजतेय. मी तिला म्हटलं, नव्वद वर्षांच्या होत्या गं. हो, ती म्हणाली.

त्या दिवसापासून फाट्यावर उतरले की मी टॉर्च लगेच लावत नाही. चार्ज असतो, तरी नाही. कुंपणातल्या खिंडीपाशी आले की दोन मिनिटं उभी राहते. मार्चमध्ये एकदा धुकं होतं, खाजणाकडून आलेलं, तोंडात मिठाची चव, पायाखालचा रस्ताही दिसत नव्हता. तिथे उभी राहिले आणि अगदी हळू आवाजात, बाबा भाकरी टाकताना हाक मारायचे तसं, म्हटलं, यू यू यू. शेतात लांब भेकर भुंकलं, एकदा, थांबून पुन्हा एकदा. कुणी आलं नाही. मी थोडी रस्त्याच्या उजवीकडे सरकले, डावीकडे जागा ठेवून, आणि घरापर्यंत तशीच चालत गेले.